सोमवारचं पाणी

दर सोमवारी, मुलं यायच्या आधी,
मी डोळे धुवायचा नळ सोडते.
आधी तो खोकतो, मग गंज ओकतो,
मग चहाच्या रंगाचं येतं, मग फिकट,
शेवटी नुसतं पाणी.
तीन मिनिटं. वहीत तारीख, सही: नानुली.

ओतार म्हणतो, मावशीची प्रार्थना सुरू झाली.
हसू देत.
अठराव्या वर्षी बाटलीवरची कवटी
कायम दुसऱ्या कुणाची तरी असते.

कुतैसीत जानेवारीत रेडिएटर निम्माच तापतो,
श्वासाची वाफ चष्म्याला आतून धरते.
तेओनाने चष्मा कपाळावर ढकलला,
एकच सेकंद, पुसायला,
असं ती नंतर म्हणाली.
ब्युरेट स्टँडवर उंच, नरसाळं तिच्या डोळ्यांच्याही वर,
चवड्यांवर उभी राहून ती ओतत होती
सोडियम हायड्रॉक्साइड.

किंचाळली नाही. "अरे," म्हणाली,
बस चुकल्यावर म्हणतात तसं.

प्रयोगशाळेत धावू नये, ही पाटी मीच रंगवलेली.
मी नळापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही.
तिची मान वाकवली, दोन बोटांनी पापणी ताणून धरली.
पापणीला मिटायचंच होतं,
तिचा जन्मच त्यासाठी.

"झालं ना, मावशी?"
नाही.
"आता आग होत नाहीये."
तरी नाही. आम्ल निदान बोंब मारतं,
अल्कली गोड बोलत आत शिरते.
ओतार, फोन कर. आणि वेळ सांगत राहा,
भिंतीवरचं घड्याळ नको, ते पुढे आहे.

"चार," ओतार म्हणाला.
घरी कोंबड्या किती गं?
"नऊ."
नावं सांग.
पाणी बर्फासारखं, दात वाजत होते तिचे,
तरी तिनं सांगितली, एकेक.
तिसरीला नाव नव्हतं, कारण ती टोचते.
"सात," ओतार म्हणाला, आवाज फाटलेला.

मला दिसत होती एक बादली.
त्र्याण्णवचा हिवाळा, वीज नाही,
नळाला पाणी पहाटे दोन तास, तेही आलं तर.
वालिको सर डोळा दाबून भिंतीला टेकलेले,
आणि मी, वीस वर्षांची, रिकामी बादली घेऊन
तीन जिने उतरतेय, अंगण ओलांडतेय,
हापशाचा दांडा गोठलेला.
पुढे सर म्हणायचे,
"रीडिंग तू घे, नानुली, तुझे डोळे चांगले."
कधी रागावले नाहीत.
रागावले असते तर बरं झालं असतं.

डोळ्यात तेल घालून राखावं म्हणतात.
मी पाणी घालते.

यातलं तेओनाला काही सांगितलं नाही.
"पंधरा," ओतार म्हणाला.
अजून, मी म्हटलं,
आणि जिन्यात स्ट्रेचर आपटेपर्यंत
बोटं काढली नाहीत.
माझी बाही काखेपर्यंत भिजलेली.
कोंबड्या संपल्या होत्या, आम्ही बदकांवर आलो होतो.

डोळा वाचला.
दिव्याभोवती तिला अजून एक कडं दिसतं,
उन्हाळ्यापर्यंत जाईल, डॉक्टर म्हणतात.
छान दिसतं ते, असं ती म्हणते. मला नाही आवडलं.
आता स्टँड खाली फरशीवर ठेवून
मुलं गुडघ्यावर बसून ब्युरेट भरतात,
काटा काढायला बसावं तशी.
ओतारने शोध लावलाय:
चष्म्याच्या काचेला आतून साबणाचं बोट फिरवलं
की वाफ धरत नाही.
तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

आज सोमवार. नळ सोडला,
तर खोकला नाही, गंज नाही,
पहिल्याच धारेला नितळ पाणी.
वही उघडली. आजचीच तारीख,
आणि खाली कुणाची तरी
वाकडी, ओली सही.

तरी मी तीन मिनिटं
तो चालूच ठेवला.